बापाच्या वाटणीचा नेम

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुकापूरच्या एका सलूनमध्ये अर्ध्या डोक्याला कलप लावून बसलो होतो. स्क्रीनवर हरेशचंच नाव होतं, म्हणून सवयीनं म्हटलं, "बोला महाराज." पलीकडे त्याची मुलगी होती, सायली. म्हणाली, "काका, बाबा गेले." आणि मी विचारलं, "कुठे?" पंचेचाळीस वर्षांत मी पुष्कळ मूर्ख प्रश्न विचारलेत, पण हा त्या सगळ्यांचा बाप. मग एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं तिनं मला सांगितलं... यार्डात कामावर असताना छातीत कळ आली, गाडीत घातलं, दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. सलूनवाला म्हणत होता, थांबा, दुसरी बाजू राहिलीय. मी गळ्यातलं फडकं काढलं आणि तसाच स्कूटरवर बसलो. आमच्या विचुंब्याच्या स्मशानात मी डावीकडून तिशीतला आणि उजवीकडून साठीतला असा उभा होतो. रडणारी माणसंसुद्धा मध्येच माझ्याकडे बघून थबकत होती. ज्याला हे बघून खरोखर हसू आलं असतं, तो एकटाच डोळे मिटून पडला होता.

या गोष्टीला सात आठवडे झाले. त्याच्याबद्दल लिहावं असा तो काही मोठा माणूस नव्हता; कंटेनर यार्डात नोंदी करणारा साधा नोकरदार. पण तेराव्याच्या दिवशी त्याच्या घरात एक वाक्य बोललं गेलं. ते वाक्य त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला आयुष्यभर पुरेल, अशी मला भीती वाटते. आणि अशा वाक्यांच्या बाबतीत वेळेवर तोंड न उघडण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

हरेशला सगळं गाव 'महाराज' म्हणायचं ते त्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेमुळे. आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये एक कुडाची भिंत. आज जिथे प्रत्येक इमारतीच्या नावात 'हाइट्स' आहे, तिथे आम्ही गुडघाभर चिखलात खेकडे पकडायचो. हरेशचे वडील, गणा काका, दारू प्यायचे. पुष्कळजण प्यायचे, पण गणा काका प्यायले की भिंतीपलीकडून भांडी पडल्याचे आवाज यायचे, आणि ती नुसती भांडी नसायची हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही सहावीत असताना शेजारच्या गावच्या एका कीर्तनकारांनी गणा काकांना माळ घातली. नव्यानं धर्म सापडलेला माणूस एकट्यानं जेवत नाही, सगळ्या घराला पंगतीत बसवतो. महिन्याभरात काकूंच्या गळ्यात माळ आली, हरेशच्या गळ्यातही आली, आणि काकूंच्या सुक्या मासळीच्या बरण्या भिंतीवरून आमच्याकडे आल्या. बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या. वर्षभराची बेगमी. त्या पावसाळ्यात आम्ही इतके चांगले जेवलो की माझी आई म्हणायची, देव गणाभावोजींना भेटला, पण पावला आपल्याला.

विनोद सोडा. माळेनं ते घर खरंच सावरलं. भिंतीपलीकडचे आवाज थांबले. काकू हसायला लागल्या, त्यांचा समोरचा एक दात नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी गणा काका हरेशला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हणायचे आणि हरेश बापाच्या दाढीवरून हात फिरवत बसायचा. ज्या माणसाच्या पावलांचा आवाज ऐकून तो आमच्या माळ्यावर लपायचा, तोच माणूस. अकरा वर्षांच्या पोरानं यातून काय हिशोब मांडला असेल, याचा विचार आम्ही कुणी केला नाही.

मी तर नाहीच केला, कारण माझ्याकडे दुसरीच माहिती होती. बारावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, आमच्या मागच्या पडवीत दुपारी माझे वडील आणि गणा काका बसायला लागले. पडवीत भाताच्या कोंड्याची पोती, मोडकी सायकल आणि या दोघांची बाटली. गणा काका आधी गळ्यातली माळ काढायचे, कपाळाला लावायचे, भिंतीतल्या खुंटीला अडकवायचे, आणि मग पेल्याला हात लावायचे. निघताना चूळ भरून परत घालायचे. भाजलेले शेंगदाणे पोचवायचं काम माझ्याकडे. वडिलांनी बजावलं होतं, "कुनाला बोल्लास तर बग." मी कशाला बोलतोय? सतराव्या वर्षी मोठ्यांचं गुपित पोटात असण्यासारखी दुसरी ऐट नसते. पण तेव्हापासून हरेशकडे बघितलं की मला हसू यायचं. बाप माळ खुंटीला टांगून पितोय आणि हा गाढव वर्गात कुणाच्या डब्यात अंडं निघालं तर बाक बदलतोय.

त्याच जानेवारीत आम्ही नदीकाठी पोपटी लावली. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोपटी म्हणजे आमच्याकडचा थंडीतला सोहळा. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, पाल्यानंच तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-पेंढा पेटवायचा. हरेशसाठी दर वर्षी वेगळं लहान मडकं असे, नुसत्या शेंगा आणि बटाट्यांचं. त्या वर्षी ते मडकं भरायचं काम मी मागून घेतलं. आईच्या बरणीतला, म्हणजे मुळात त्याच्याच घरातून आलेल्या बरणीतला, जवळा भाजून पाट्यावर बारीक वाटला होता आणि ओवा-मिठात मिसळून आणला होता. तो मी त्याच्या बटाट्यांना चोळला. मडकं उघडलं, हरेश पाल्यावर मांडी घालून बसला आणि चार बटाटे खाऊन म्हणाला, "आज कायतरी वेगळीच चव हाय रं, दिन्या." मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि राजानं जाहीर करावं तसं जाहीर केलं, "महाराज बाटले."

पोरं हसून लोळली. हरेश हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं हातातली शेंग जपून खाली ठेवली आणि नदीवर गेला. आम्हाला वाटलं येईल परत. तो पाण्याशी बसून चुळा भरत होता. एक, दोन, दहा... आम्ही सगळं खाऊन संपवलं, विस्तव विझवला, तरी तो चुळाच भरत होता. मी हाक मारली, "आरं, तोंड घासून जाईल." त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी गावात एका हळदीला गणा काका चारचौघांत पिऊन पडले. घरी आणलं, आणि सहा वर्षांनी भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला. आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. कधी ना कधी उघडं पडणारच होतं. मी अभ्यासाचं पुस्तक मिटलं आणि कान बंद करून झोपलो.

त्यानंतर हरेश आकसत गेला. हे मला तेव्हा दिसलं नाही, आता मागे वळून बघताना दिसतं. आधी तो बाहेरचं जेवण खाईनासा झाला, मग चहा, मग पाणी. कुठेही गेला तरी पिशवीत स्टीलची बाटली. बारावीनंतर आम्ही दोघं जहाजावरच्या नोकरीच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. माझे डोळे कच्चे निघाले, मला घरी पाठवलं. त्याची निवड झाली. गावातला पहिला मुलगा जहाजावर जाणार म्हणून काकूंनी साखर वाटली. निघायच्या आठवड्यात त्यानं नाही सांगितलं. "बोटीवर सगळ्यांचं एकाच कढईत शिजतं," एवढंच कारण. मी त्याला काय काय बोललो ते छापता येणार नाही. पुढे यार्डात लागला, दुसऱ्यांच्या पेट्या जगभर जाताना नोंदत बसला. माझ्या लग्नात त्यानं दोन पंगतींना वाढलं, नवरीच्या माहेरच्या कोळणींना "आजून एक कोलंबी घ्या हो" असा आग्रह केला, आणि घरी जाऊन वरणभात खाल्ला. मी लोकांना कौतुकानं सांगायचो, आमचा मित्र म्हणजे कडक. त्याच्या कडकपणाचे किस्से माझ्या तोंडी इतके असायचे की पोपटीचा किस्सासुद्धा मी त्यातच, हशा घेण्यासाठी, सांगायचो. त्याच्या देखत सांगायचो. तो खाली बघून बाटलीचं झाकण घट्ट करायचा.

गणा काका पुढे दारूनंच गेले. त्यानंतर हरेश सैल होईल असं मला वाटलं होतं, तो आणखी आवळला. सायलीला चौथीत असताना माळ घातली. पोरगी हुशार, तोंडाळ, डोळ्यांत सतत काहीतरी शिजत असलेली. दहावीला ती गणितासाठी आमच्याकडे यायला लागली, कारण माझी बायको स्मिता गणित शिकवते. स्मिता उरणच्या दर्यावर्दी घरातली. गणितापेक्षा तिचे बोंबील सरळ असतात, असं मी म्हणतो आणि तिचं बोलणं खातो. एके दिवशी सायली वही मिटून म्हणाली, "काकी, मी एकदाच टेस्ट केलं तर चालेल?" स्मितानं माझ्याकडे बघितलं. नको म्हणायला हवं होतं, निदान तिच्या बापाशी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पोरीला वाढ गं." सायलीनं माळ काढली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते बघितलं, मला पडवीतली खुंटी आठवली, आणि तरीही मला मजाच वाटली. माझ्यातला सतरा वर्षांचा शहाणा अजून शाबूत होता.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर हरेश अचानक तिला न्यायला आला. एरवी तो ओट्यावरूनच हाक मारायचा, त्या दिवशी दार उघडं होतं म्हणून सरळ आत आला. खिळ्याला माळ, पोरीच्या ताटात अर्धा बोंबील. सायलीचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हा ताट उधळणार. तो म्हणाला, "जेव. ताटावरनं उठू नको." आणि बाहेर येऊन ओट्यावर बसला. मी मागोमाग गेलो, गुन्हेगारासारखा नाही, वकिलासारखा.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"शाळा सुरू झाल्यापासून. अरे, पोरीची जात आहे, खावंसं वाटतं. एवढं काय..."

"तुना काय जातं बोलायला? मी एकदा मोडली, पाच दिवसांत बाप परत बाटलीला लागला. आता हिनं मोडली, तर मी कोनाचं वाईट व्हायची वाट बगू?"

मला आधी काही कळलंच नाही. मग तो बोलत गेला, ओट्याच्या फरशीवर नखानं रेघा मारत. सगळ्यांनी पाळली तोवर बाप शुद्धीत होता. घरातल्या एकानं मोडली, बापाचा नेम सुटला. ते एक आपण होतो. मग त्यानं आपल्या अंगावर जास्तीचे नेम घेतले, बापाच्या वाटणीचेही. बाहेरचं खाणार नाही, पाणी घेणार नाही, जहाजावर जाणार नाही. काहीतरी पुरेसं होईल, बाप परत हरिपाठाला बसेल... अठ्ठावीस वर्षं हा माणूस माझे बटाटे फेडत होता आणि मी त्याच्यासमोर त्या बटाट्यांवर टाळ्या घेत होतो.

मी म्हटलं, "हरेश, तुझा बाप दिवाळीपासून घेत होता."

"कसली दिवाळी?"

"पोपटीच्या आधीची. आमच्या पडवीत. माझ्या वडिलांबरोबर. माळ खुंटीला लावायचा. शेंगदाणे मी द्यायचो."

मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. "तुना म्हाईत होता?" एवढंच म्हणाला. मी मान हलवली. "मग बोल्लास का नाय?" विचारलं नाहीस म्हणून? गंमत होती म्हणून? त्याच्या आयुष्याची किल्ली माझ्या खिशात शेंगदाण्यांच्या टरफलांबरोबर पडून होती आणि मला ती किल्ली आहे हेच कधी कळलं नाही. आतून सायली हात धुऊन दाराशी आली होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. तिनं माळ पुढे केली. हरेशनं ती घेतली, थोडा वेळ बोटांत फिरवली आणि तिच्या हातात परत दिली. "तुना वाटलं तवा घाल. माझ्यापाई नको." मग दोघं निघाले, तो पुढे, ती दोन पावलं मागे.

पुढचे दहा दिवस तो माझा फोन उचलत नव्हता. अकराव्या दिवशी स्वतःच आला. म्हणाला, "चल, पनवेलला जायचं हाय, पेटी धरायला मानूस पायजे." मार्केटमधून त्यानं एक लहान शेगडी घेतली, एका बर्नरची. मी मागे बसून ती मांडीवर धरून आणली आणि वाटेत दोनदा रस्त्यावर पाडायच्या बेतात होतो. घराच्या मागच्या दारी, पत्र्याखाली, त्यानं तिच्यासाठी फळी ठोकली. आत स्वयंपाकघर माळेचं, बाहेर हे सायलीचं. त्याची बायको, मनीषावहिनी, दोन दिवस बोलल्या नाहीत, मग त्यांनीच जुना तवा काढून दिला.

मी विचारलं, "आणि तू? तू काढणार का आता?" तो म्हणाला, "सवय झाली रं. काढली तर मान उघडी वाटंल." पण रविवारी सायली मासे तळायला बसली की तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहायचा, सहा-सात हात लांब. अकराव्या वर्षानंतर आपणहून मासा न खाल्लेला माणूस नुसत्या वासावर सांगायचा, "आता उलथ... थांब, थांब... आता काढ." एकदाही चुकला नाही. मी म्हणायचो, "महाराज, नाकानं बाटलात." आता तो हसायचा. असे पाच महिने गेले. माझ्या हिशोबी त्याचं तरुणपण तेवढंच.

तेराव्याला घर भरलं होतं. हरेशची मोठी बहीण, सायलीची आत्या, घरात माळ येण्याआधीच लग्न होऊन गेलेली, मागच्या दारी गेली, शेगडी बघून आली आणि सगळ्यांत बसून म्हणाली, "पोरीनं माळ काढली, पाच महिन्यांत बाप गेला. आता तरी घाल, त्याच्या आत्म्याला बरं वाटंल." वाईट बाई नाही ती. भाऊ गेलेल्या बाईला कारण हवं होतं, आणि समोर शेगडी होती. सायली उठून मोरीत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग चुळा भरल्याचा. एक, दोन...

मी उभा राहिलो. डोकं अजून दोन रंगांचं होतं, त्यामुळे गांभीर्य जमलं नाही. म्हटलं, "आत्या, शेगडी हरेशनं स्वतः आणली. मी धरून आणली." आत्या म्हणाली, "तू गप. तूच तो पोपटीवाला ना?" म्हणजे तिला माहीत होतं. हरेशनं कधीतरी बहिणीला सांगितलं होतं, फक्त पडवीचा भाग सांगायला तो उरला नव्हता, किंवा बापाची लाज झाकली असेल. मग मी सगळं सांगितलं. कोंड्याची पोती, बाटली, खुंटी, शेंगदाणे, माझ्या मेलेल्या वडिलांचं नाव, तिच्या मेलेल्या वडिलांचं नाव. भरल्या घरात, तेराव्याच्या जेवणाआधी. वहिनी पदरात तोंड घालून बसल्या. आत्या शेवटी एवढंच म्हणाली, "आमच्या बापाला तरी सोडायचा होतास." खरं आहे. पण एकाला सोडलं की दुसरं कुणीतरी अडकतं, हे मी एकदा बघून चुकलोय. मोरीतला नळ कधी बंद झाला ते मला कळलं नाही.

सायलीनं ते किती घेतलं, सांगता येत नाही. त्यानंतर ती दोन आठवडे आमच्याकडे आली नाही. वहिनी सांगायच्या, शेगडी रोज पुसते, पेटवत नाही. कधी माळ दिसते गळ्यात, कधी नाही. स्मिता म्हणते, तिला जरा एकटं सोड, तू काही बोललास की काहीतरी बिघडतंच. हे वीस वर्षांच्या संसारानंतरचं मत आहे, त्याला किंमत द्यावी लागते.

गेल्या रविवारी फोन आला, "काका, बांगडे आणलेत, येताय?" मागच्या दारी गेलो तेव्हा तवा तापला होता. टाकीशी कुणीच नव्हतं, आणि तिथे उभं राहायचं धाडस मला झालं नाही. मी पायरीवर बसलो. सायलीनं दोन तुकडे सोडले, उलथनं हातात घेतलं आणि सवयीनं टाकीकडे तोंड करून विचारलं, "उलथू?"

तवा चरचरत होता. ती तशीच थांबली. मला नाक आहे, पण अक्कल नाही. मी म्हटलं, "थांब जरा." थांबायला नको होतं. बांगडा करपला.

"बाबा ओरडले असते," ती म्हणाली आणि पायरीवर माझ्याशेजारी ताट घेऊन बसली. करपलेली कातडी बाजूला करून, एकेक काटा काढत, सावकाश जेवली. तिच्या गळ्यात माळ होती की नव्हती, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.